राज्य सोडणारा राजा : औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी

पावसाळ्याच्या आरंभी वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावी मंडळीच्या भेटीस जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. मंडळीची घरे थोडकीच. परंतु तेवढ्यांतही दोन तट पडले होते, आणि दोघा चुलतभावांची कुटुंबे उपासनेस येत ती एका चटईवर बसत नसत. उपासना आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीच्या गोष्टी त्यांनी आपल्या आज्याच्या तोंडून ऐकल्या होत्या. एकाचा हुकूम असला म्हणजे भावाभावांत फूट पडत नाही, मतांसाठी दारू व नोटा वाटाव्या लागत नाहीत. तेव्हा एखादा भला राजा असलेला काय वाईट, असा त्यांचा आम्हांस प्रश्न होता. सोबतचे तरुण उपदेशक हसले. आम्हांस हसू आले नाही. त्या चटईकडे पाहिल्यावर कोणासही तो प्रश्न खोटा म्हणवला नसता.

इस्राएल लोकांनी शमुवेलाजवळ राजा मागितला तेव्हा राजा तुमचे पुत्र, तुमची शेते व तुमच्या धान्याचा दशमांश घेईल असे त्याने त्यांस बजावले, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या वृद्धाने लोभी राजाविषयी विचारले नव्हते. त्याने भल्या राजाविषयी विचारले होते. दुष्ट राजाची व लोकसत्तेची तुलना करून लोकसत्तेस श्रेष्ठ ठरविणे ह्यात काही मोठेपणा नाही. उत्तम राजा घेऊनच ही परीक्षा केली पाहिजे. असा एक राजा आपल्याच मराठी मुलखात होऊन गेला, आणि त्याने आपल्या हाताने आपले राज्य प्रजेच्या स्वाधीन केले. त्याचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

औंध हे सातारा प्रांतातले एक लहानसे संस्थान होते. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असता प्रतिनिधी हे पद निर्माण झाले, आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्र्यंबक ह्यांच्या घराण्यात राहिले. दरबारात ह्या पदाचा मान पेशव्यांच्याही वरचा गणला जाई. इंग्रजी अमलात ह्या मानाचे फारसे काही उरले नाही. सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, आणि तोही एके ठिकाणी नव्हे. सातारा, सोलापूर व विजापूर ह्या जिल्ह्यांत विखुरलेली बहात्तर गावे. औंध, कुंडल, आटपाडी व गुणदाळ असे चार तालुके. आटपाडीकडचा माणदेश म्हणजे नेहमीच्या दुष्काळाचा प्रदेश; धानाच्या बांध्या व तळी पाहत वाढलेल्या भंडाऱ्याच्या मनुष्यास तो पाहून तहानच लागावी. गुणदाळकडचे लोक तर कानडी बोलणारे.

लॉर्ड डलहौसी ह्याने १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले. पुढे १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघोजी भोसले औरस पुत्रावाचून वारले, तेव्हा त्याच डलहौसीने त्याच न्यायाने नागपूरचे राज्यही घेतले, आणि आपला भंडारा जिल्हा इंग्रजांकडे गेला. साताऱ्याच्या पदरचे औंधसारखे जहागीरदार मात्र राखले गेले. राजास मुलगा झाला की राज्य राहते व न झाला की जाते, ह्यात रयतेचा दोष काय व पुण्य काय, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. औंधचे अधिपती श्रीनिवासराव ह्यांचे ते धाकटे पुत्र. गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांस नव्हती. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. वडिलांच्या मागे १९०१ साली वडील बंधू गादीवर आले, त्यांच्या मागे पुतण्या आला. इंग्रज सरकारने त्या पुतण्यास दूर केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानरावांस गादीवर बसविले. म्हणजे ह्या भल्या राजाची निवड प्रजेने केली नव्हती आणि जन्मानेही पुरती केली नव्हती; ती एका परक्या सरकारच्या मर्जीने झाली. सरकारचे मन त्या दिवशी दुसरीकडे वळले असते तर पुढील सर्व हकीकत घडलीच नसती.

राजा म्हणून त्यांची राहणी शिस्तीची होती. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालण्याचा नेम त्यांनी म्हातारपणापर्यंत चालविला, त्यावर पुस्तक लिहिले, आणि संस्थानच्या शाळांतून मुलामुलींस तो व्यायाम लावून दिला. १९३६ साली ते विलायतेस गेले, तेव्हा तेथील लोकांसही त्यांनी त्याचे वेड लावले. ते स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी काढून प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची शुद्ध प्रत काढण्याचे काम हाती घेतले, त्यास त्यांचा मोठा आश्रय होता. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. औंधच्या टेकडीवर यमाईचे देऊळ आहे. तिचे ते एकनिष्ठ भक्त. कमरेस उपरणे बांधून ते लोकांपुढे कीर्तनास स्वतः उभे राहत. कीर्तन आपल्या मंडळ्यांसही परके नाही, म्हणून राजा टाळमृदंगाच्या साथीत रयतेसमोर उभा आहे हा देखावा आमच्या वाचकांस सहज डोळ्यांपुढे आणता येईल. त्यांचा धर्म आपला नव्हे; परंतु प्रामाणिक मनुष्याची स्तुती करताना धर्म विचारण्याचे कारण नाही.

राजसत्तेची बाजू घेणाऱ्या त्या वृद्धास हाती देण्याजोगा उत्तम पुरावा म्हणजे किर्लोस्करवाडीची हकीकत होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावास लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे करीत. त्यांची तेथली जागा गेली व त्यांस कारखाना उठवावा लागला. भवानरावांस हे कळताच त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपये बिनव्याजी देऊ केले. जागा ओसाड माळाची, निवडुंगाची व सापांची. तेथे १९१० साली कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन विटाळते व पीक जळते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती हळूहळू गेली आणि त्या माळावरून निघालेले नांगर देशभर चालू लागले. हे काम समितीपुढे, ठरावापुढे व मंजुरीपुढे गेले असते तर किती वर्षे लागली असती, हे आजच्या कोणत्याही सरपंचास विचारावे. राजाने ते एका शब्दाने केले.

परंतु ज्याला ३२ एकर एका शब्दाने देता येतात त्याला ती एका शब्दाने घेताही येतात. त्या शब्दास लगाम कोणाचा? राजाच्या स्वतःच्या सद्बुद्धीचा; दुसरा नाही. भवानरावांस सद्बुद्धी होती. तरी त्यांच्या राज्यातही राजाची नजर पोहोचत नसे अशी ठिकाणे होतीच. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शंकरराव खरात ह्याच संस्थानच्या आटपाडी गावी महारवाड्यात जन्मले. त्यांचे तराळ-अंतराळ हे आत्मचरित्र आमच्या उपदेशकांनी मिळवून वाचावे. गावकीचे ओझे, रात्रीअपरात्रीची बोलावणी, भाकरीसाठी दारोदार फिरणे, हे सर्व तराळाच्या घरी जसे अन्यत्र होते तसेच त्या भल्या राजाच्या राज्यातही होते. राजा चांगला असला म्हणून पाटील चांगला होत नाही.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. प्रजेच्या प्रतिनिधींची सभा बोलावून तिचे म्हणणे ऐकण्याची चाल भवानरावांनी पूर्वीच घातली होती. पण ऐकणे वेगळे आणि सत्ता देणे वेगळे. १९३७-३८ च्या सुमारास देशातील अनेक संस्थानांत प्रजेने जबाबदार राज्यपद्धती मागितली आणि कित्येक राजांनी तिला लाठीने उत्तर दिले. औंधात उलट झाले. राजांचे पुत्र अप्पासाहेब विलायतेत शिकून परतले होते. त्यांचा स्नेह मॉरिस फ्रिडमन नावाच्या एका पोलिश यहुदी इंजिनिअराशी जडला. हे फ्रिडमन बंगळुरास विजेच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असता सर्व सोडून भारतानंद ह्या नावाने साधूसारखे राहू लागले होते. राजाने सर्व सत्ता प्रजेस द्यावी हा विचार ह्या मंडळींत पक्का झाला. सत्तर वर्षांच्या राजाने तो मानला, आणि १९३८ च्या नोव्हेंबरात तसे जाहीर केले.

मग ही मंडळी घटनेचा विचार घेऊन आपल्या नागपूर-वर्ध्याकडेच आली. कारण गांधीजी त्या वेळी वर्ध्याजवळ सेवाग्रामास राहत होते. घटनेस आकार त्यांच्या सल्ल्याने आला, व १९३९ च्या जानेवारीत ती औंधात लागू झाली. तिची बांधणी पायापासून वर अशी होती. प्रत्येक गावाने मते देऊन पाच पंच निवडावे. गावाची शाळा, पाणी, रस्ता, दिवाबत्ती व तंटे हे त्या पाचांनी गावातच पाहावे. पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची सभा, आणि तालुक्यांतून निवडून गेलेल्या लोकांची संस्थानची विधिसभा. राजाच्या स्वतःच्या खर्चासही मर्यादा घातली गेली. ह्याच सुमारास आपल्या भंडारा जिल्ह्यात काय होते ते पाहावे. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुकीचे मत मिळे, परंतु त्यास मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटी होत्या. मजुरी करणाऱ्या बहुतेकांस, विशेषतः बायांस, ते नव्हते. गावात तर मालगुजार हाच राजा. औंधचा राजा खाली उतरत होता तेव्हा आपल्याकडचे शेकडो लहान राजे वाड्याच्या ओसरीवर बसूनच होते.

ह्या घटनेबरोबरच आणखी एक धाडस झाले. आटपाडीजवळ फ्रिडमन ह्यांच्या कल्पनेने १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसविली. तेथे खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी भिंतीवाचून, बेड्यांवाचून, आपल्या बायकामुलांसह राहून शेती करू लागले. पुढे व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला तो ह्याच वसाहतीवरून. ज्या राजाने कैद्यावर विश्वास टाकला त्याने रयतेवर टाकावा ह्यात नवल नव्हते, असे आम्हांस वाटते.

पंचायतींचे काम सर्व ठिकाणी सुरळीत चालले असे मात्र कोणी समजू नये. भाऊबंदकी व गटबाजी मतपेटी आणल्याने नाहीशी होत नसतात. उलट त्यांस आणखी एक आखाडा मिळतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या जोहार करण्याखेरीज सत्तेशी दुसरा व्यवहार केला नाही त्यांस हिशेब मागणे एका वर्षात येत नाही. ह्या संबंधाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे मत येथे सांगणे अवश्य आहे, कारण ते औंधच्या घटनेच्या मुळावरच येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे भाषण करताना त्यांनी गाव हा राज्याचा पाया मानण्यास साफ नकार दिला. गाव म्हणजे संकुचित वृत्तीचे व जातीयतेचे घर, असे त्यांचे निदान होते. म्हणून भारताच्या घटनेत गाव नव्हे तर एकेक मनुष्य हा घटक धरला ह्याचा त्यांनी आनंद मानला. गावाने पाच पंच निवडावे हे ऐकण्यास गोड आहे. पण पाचही एकाच आळीचे निघाले तर वेशीबाहेरच्याने कोठे जावे? हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस समजावून सांगावा लागत नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जाती व जमाती ह्यांस राखीव जागा व स्त्रियांस निदान तिसरा हिस्सा मिळाला. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचा वाटा निम्मा झाला. औंधच्या पंचायतीत जे राहून गेले होते ते अशा रीतीने पुढे भरून काढावे लागले.

आणि लोकसत्ता चुकतेही, ह्याचा दाखला शोधण्यास आपणांस सातारा-सांगलीकडे जाण्याचे कारण नाही. देशाची घटना ज्यांनी रचिली ते बाबासाहेब १९५४ साली आपल्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले, आणि आपल्याच लोकांनी त्यांस पाडले. राजा असता तर एवढ्या विद्वानास त्याने बोलावून दिवाण केले असते. तथापि ज्या मताने त्यांस पाडले ते मत भूमिहीनाच्या हाती देण्यासाठीच ते जन्मभर झगडले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातील मामा तलावांची गोष्टही ह्याच जातीची आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. कोहळी लोकांनी बांधलेल्या व मालगुजारांनी राखलेल्या ह्या तळ्यांवर आपला धान पिकला. मालगुजार दांडगा असे, वेठ घेई, पण तळ्याची पाळ फुटू देत नसे. कारण पाणी गेले की त्याचाच वसूल बुडे. १९५०-५१ साली मालगुजारी गेली, आणि ती जाणेच योग्य होते. तळी सरकारजमा झाली, आणि मालक गेल्यावर पुष्कळ तळ्यांत गाळ साचत राहिला. एकाचे होते तेव्हा एकाने राखले. सर्वांचे झाले तेव्हा राखणे कोणाकडेच राहिले नाही. त्या वृद्धाच्या प्रश्नाचे मूळ आम्हांस ह्या गाळात दिसते. औंधचे राजे व त्यांचे सल्लागार ह्यांस ही अडचण ठाऊक होती असे त्यांच्या घटनेवरून वाटते. त्यांनी सत्ता प्रथम राजधानीत दिली नाही. ज्या गावाच्या विहिरीत गाळ आहे त्या गावाच्या पाच माणसांस दिली.

१९४२ च्या चळवळीत ह्या राज्याची आणखी परीक्षा झाली. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे एक मुख्य ठाणे, आणि कुंडल पडले औंध संस्थानात. इंग्रजी हद्दीत पाठलाग झालेले भूमिगत कार्यकर्ते संस्थानच्या गावांत आसरा घेत. इंग्रज सरकारच्या मर्जीने ज्यास गादी मिळाली त्या राजाने अशा वेळी रयतेविरुद्ध त्या सरकारच्या बाजूस उभे राहणे त्याच्या सोयीचे होते. भवानरावांनी ती सोय पाहिली नाही, आणि दिलेली घटनाही परत घेतली नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर दक्षिणेतील लहान संस्थानांचा काळ सरला. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. औंधची घटना, तिच्या पंचायती व विधिसभा ही सर्व त्यासरशी संपली, आणि गावे प्रांताच्या सर्वसाधारण कायद्याखाली आली. ज्या राजाने राज्य सोडले त्याच्या प्रजेस मोठ्या देशाची लोकसत्ता मिळाली. परंतु हातात आलेली लहान, गावापुरती लोकसत्ता तिला त्यासाठी द्यावी लागली. सर्व महाराष्ट्रास एकसारखा ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ साली झाला, व जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या.

भवानराव १९५१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी वारले. औंधच्या यमाईच्या टेकडीवर त्यांनी आपला चित्रांचा व मूर्तींचा संग्रह लोकांसाठी मांडून ठेविला आहे. सहलीस आलेली शाळांची मुले तो पाहून जातात.

हे सर्व आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस पुढच्या भेटीत सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते. राजाने राज्य दिले तेव्हा त्याच्या मुलाने भांडण केले नाही काय, एवढेच त्यांनी विचारले. मुलानेच पुढाकार घेतला होता हे ऐकून त्यांस मोठे नवल वाटले. त्यांचे दोघे पुतणे त्या दिवशीही वेगवेगळ्या चटयांवर बसले होते. गावच्या तळ्याचा गाळ काढण्याचा विषय येत्या ग्रामसभेत निघणार आहे, आणि त्यास दोघेही हजर राहणार आहेत, असे आम्हांस जाताना कळले.